पाय न टेकता

दातांच्या डॉक्टरांनी पहिली कयाक घेतली ती रंग बघून. नारिंगी, आखूड, पोट सुटलेली, आणि मांडीजवळ पेला ठेवायला एक गोल खळगा. दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं म्हणे, ही कधी उलटत नाही. माझ्या भावाने, म्हणजे दादाने, तिच्याभोवती एक चक्कर मारली, बुडावर टिचकी मारली आणि म्हणाला, "तळ्यात बदकं बघायला छान आहे." डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं. पण माणूस चिवट. पुढच्याच आठवड्यात ती परत करून ते दादाच्या गॅरेजमध्ये हजर झाले.

दादा निवृत्त होईपर्यंत शाळेत लाकूडकाम शिकवायचा. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नव्हती. तिथे भिंतीला टांगलेल्या होड्या, रंधे, शिकंजे, आणि सगळ्यावर भुशाचा थर. त्याने डॉक्टरांना जमिनीवर ठेवलेल्या तीन कयाकींमध्ये आळीपाळीने बसवलं. "गुडघे वर चिकटतायत का? कंबर हलतेय का? हलतेय ना, मग ही तुमची नाही. पायाला सैल बूट घालून डोंगर चढाल का तुम्ही?" मग त्याने रुंद आणि अरुंद होडीतला फरक सांगितला. रुंद होडी शांत पाण्यात बसायला सोपी, पण लाट आली की लाटेबरोबर कलते. अरुंद होडी सुरुवातीला डळमळते, घाबरवते, आणि मग तुमचं ऐकायला लागते. डॉक्टर मान डोलावत होते. हे भाषण मी शंभरदा ऐकलंय, तरी मलाही परत ऐकायला आवडतं. दादा कयाकीबद्दल बोलायला लागला की त्याचं वय उतरतं.

आम्ही चौघंच. दादा, आमच्या भागातला पोस्टमन, हे नवे डॉक्टर आणि मी. माझी होडी दादाने बनवली आहे, माझ्या मापाने, आणि ती देताना म्हणाला होता की तुझं वजन वाढलं तर होडी बदलणार नाही, तुलाच बदलावं लागेल. मी नोकरीने लिफ्ट तपासनीस आहे. इमारतींच्या लिफ्ट तपासायच्या, दोर, ब्रेक, खालचा खड्डा, सगळं बघायचं आणि पास किंवा नापास करायचं. नापास केली की सातव्या मजल्यावरच्या आजी मला शिव्या घालतात. घालू देत. मी दारावर 'बंद' अशी पाटी लावते आणि निघून येते. म्हणून दादा मला 'इन्स्पेक्टर' म्हणतो, आणि त्यात थोडा टोमणा असतो.

यंदाची मोहीम होती दीपगृहाच्या बेटाची. आतापर्यंत आम्ही किनाऱ्याला धरूनच फिरत आलो. एका खाडीतून दुसऱ्या खाडीत, कंटाळा आला की वाळूवर. बेटाकडे जायचं म्हणजे मधलं मोकळं पाणी ओलांडायचं, आणि मोकळ्या पाण्यात कंटाळून चालत नाही. दादाने ही मोहीम तीनदा आखली आणि तीनदा बारगळली. एकदा वारा, एकदा पोस्टमनचं हर्नियाचं ऑपरेशन, आणि गेल्या वर्षी खुद्द दादाचा खांदा. खांद्याचं ऑपरेशन झालं, व्यायाम झाले, आणि वसंत ऋतूत त्याने जाहीर केलं की मी ठणठणीत आहे. या उन्हाळ्यात तो दिवसदिवस नकाशावर वाकलेला असायचा. जेवणाच्या टेबलावर नकाशा, त्यावर ट्रेसिंग पेपर, भरती कुठून कुठे ओढते याचे बाण. वहिनी ताटं घेऊन उभी राहायची आणि विचारायची, "समुद्र सरकवता का जरा?"

एकदा मी त्याला विचारलं की एवढी काय घाई, बेट कुठे पळून जातंय. तो म्हणाला, "बेट नाही पळत गं. मी पळतोय." मला वाटतं, त्या बेटावर एकदा स्वतःच्या हाताने जाऊन यावं एवढीच त्याची म्हातारपणाकडून मागणी होती. मी मनात ठरवलं की काही झालं तरी यंदा हा बेटावर जाणार.

आता आमचा नियम. तोही दादानेच केलेला. दर उन्हाळ्यात, आणि मोकळं पाणी ओलांडायचं असेल तर हमखास, प्रत्येकाने परीक्षा द्यायची. खोल पाण्यात मुद्दाम उलटायचं, होडीतून बाहेर यायचं, आणि पाय न टेकता, कोणाचा हात न लागता परत होडीत बसायचं. वल्ह्याच्या एका पात्याला हवेची पिशवी लावायची, वल्हं होडीवर आडवं टाकायचं म्हणजे त्याचा आधार होतो, मग पाय मारत पोटावर होडीच्या पाठीवर चढायचं, एक एक पाय आत घालायचा आणि वळून बसायचं. ऐकायला सोपं आहे. इथेच घोडं पेंड खातं, कारण अंगाचं सगळं वजन त्या एका क्षणी खांद्यावर येतं. कोणाचा हात का लागू द्यायचा नाही, तर दादाचं म्हणणं असं की ज्या लाटेने तुम्हाला उलटवलं तिने शेजाऱ्यालाही सोडलेलं नसतं.

दरवर्षी परीक्षा पोस्टमन घ्यायचा, पाण्यावर तरंगणाऱ्या पिवळ्या बोयाच्या पलीकडे, भरतीच्या वेळी. यंदा दादा मला म्हणाला, "परीक्षा तू घे. तुझं रोजचंच काम आहे. पोस्टमनलाही बसू दे परीक्षेला." त्याने त्याची स्वतःची शिट्टी माझ्या गळ्यात घातली. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. पन्नाशी उलटली तरी मोठ्या भावाने पाठीवर हात ठेवला की माणूस हुरळतो. ऑफिसात मी तीन लोकांना सांगितलं.

शनिवारी दुपारी परीक्षा झाली. दादा म्हणाला, बोयाच्या बाहेर आज मोटारबोटींची वर्दळ आहे, अलीकडेच घेऊ. मी म्हटलं, बरं. एकेक जण उलटला, एकेक जण वर आला. डॉक्टर तर पहिल्याच झटक्यात. पोस्टमन नेहमीसारखा धापा टाकत. दादा शेवटी. तो पाण्यात दिसेनासा झाला तेव्हा माझा हात शिट्टीवर घट्ट होता, पण तो वर आला, पिशवी लावली, एक हिसका दिला आणि होडीवर. मी प्रत्येकाला पास म्हणत गेले आणि शेवटचा पास सगळ्यात मोठ्याने म्हटला. संध्याकाळी वहिनीने सगळ्यांना चहा आणि ऑम्लेट केलं. मोहीम पुढच्या शनिवारी, हवा साथ देईल तर.

आमच्यात एक रीत आहे. जो परीक्षा घेतो तो सगळ्यांचं सामान गोड्या पाण्यात धुतो. खारं पाणी रबर खातं, म्हणून. तर सगळे गेल्यावर मी दादाच्या अंगणातल्या टबात पाणी भरलं आणि लाइफ जॅकेटं, होडीत पाणी शिरू नये म्हणून कमरेला लावायचे रबरी घेर, आणि मग बूट धुवायला घेतले. पातळ तळव्याचे रबरी बूट असतात ते. डॉक्टरांचा एक बूट उलटा केला तर तळव्याच्या खाचांमध्ये राखाडी चिखल. पोस्टमनच्या बुटातही तेच. दादाच्या बुटात तर घोट्यापर्यंत.

मी टबाच्या काठावर बसले. आम्ही तरंगत्या धक्क्यावरून होडीत बसतो. धक्का पाण्याबरोबर वरखाली होतो, त्यामुळे जमिनीला पाय लागायचा प्रश्नच येत नाही. बूटही आम्ही धक्क्यावरच चढवतो, तोपर्यंत चपला. माझे स्वतःचे बूट बघितले. चकचकीत. मग हा चिखल आला कुठून, याला एकच उत्तर होतं, आणि ते मला नको होतं.

गॅरेजच्या भिंतीवर भरती-ओहोटीचं कोष्टक टांगलेलं असतं. बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. शनिवारी दुपारी आमची परीक्षा ज्या वेळी होती त्याच वेळी त्या महिन्यातली सगळ्यात मोठी ओहोटी होती. बोयाच्या अलीकडे चिखलाचा उंचवटा आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्या ओहोटीला तिथे पाणी छातीएवढं असणार. धक्क्यावर उतरायची फळी त्या दुपारी घसरगुंडीसारखी तिरपी होती आणि मी त्यावरून होडी खांद्यावर घेऊन उतरले होते. लिफ्ट तपासताना मी आधी खड्ड्यात उतरते, मग वर बघते. इथे मी खाली बघितलंच नाही. माझं सगळं लक्ष गळ्यातल्या शिट्टीकडे होतं.

मी डॉक्टरांना फोन लावला. विचारलं, दुपारी पाण्यात पाय टेकले होते का.

"हो, टेकले ना," डॉक्टर खुशीत म्हणाले. "म्हणून तर जमलं. नाहीतर मला वाटलं होतं की फार अवघड असेल. का हो ताई?"

"काही नाही," मी म्हटलं.

मग पोस्टमनला विचारलं. तो म्हणाला, "ताई, मला वाटलं तुमचं दोघांचं ठरलंय. बहीणभावांचं. म्हटलं, आपण कशाला मधे बोला."

म्हणजे पोस्टमनच्या लेखी मीही त्यात सामील. माझं डोकं असं तापलं की मी फोन न आपटता नुसता ठेवला हेच खूप झालं.

आत स्वयंपाकघरात वहिनी भांडी पुसत होती. दादा बाहेर कुठेतरी गेला होता. मी तिला सरळ विचारलं, "दादाचा खांदा कसा आहे?"

वहिनीने पुसलेली बशी परत पुसली. "सदरा घालताना मी बाही धरते," ती म्हणाली. "वरच्या फळीवरचा डबा मी काढते. पण वल्हवताना दुखत नाही म्हणतो. ते खरंच दुखत नाही, मी बघते ना त्याला. हात डोक्यावर गेला की मात्र संपलं."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"कोणाला सांगू? तुला? तू पाटी लावणार." तिने फडकं खांद्यावर टाकलं. वहिनीला समुद्र कधीच आवडला नाही. होडीत ती आयुष्यात एकदाही बसलेली नाही. तीच मला म्हणाली, "जाऊ दे त्याला. तू आहेस ना बरोबर. पोस्टमन आहे. हवा चांगली असेल तर उलटतंय कोण? एवढं एकच तर मागतोय तो."

खरं सांगते, मला ते पटत होतं. घरी जाताना मी सगळा हिशोब मनात जुळवून टाकला होता. डॉक्टरांची आणि पोस्टमनची परीक्षा परत घ्यायची, खोल पाण्यात, काहीतरी कारण काढून. दादाची नाही घ्यायची. त्याच्या शेजारून मी वल्हवत राहायचं, हाताच्या अंतरावर. कोणाला कळणारही नाही. ज्या भावाने मला सायकल शिकवली, पोहायला शिकवलं, परीक्षेत नापास झाले तेव्हा आईच्या आणि माझ्या मधे उभा राहिला, त्याच्यासाठी एवढीशी डोळेझाक मला जड नव्हती. जड एकच गोष्ट होती. मोकळ्या पाण्यात डॉक्टर उलटले आणि त्याच लाटेने दादाही उलटला, तर मी पहिला हात कोणाला देणार, याचं उत्तर मला ठाऊक होतं. आणि ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी मी गॅरेजमध्ये गेले. दादा वल्ह्याच्या दांड्याला पॉलिश लावत होता. मी म्हटलं, "चल, पाण्यात जाऊ. दोघंच."

"आज कशाला?"

"भरती आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. कापड डब्यात ठेवलं, डब्याचं झाकण लावलं, हात पुसले. त्याने त्याची होडी उचलायला घेतली, आणि मी दुसरं टोक धरलं. धक्क्यावर मी त्याच्या लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून बघितले, जसे तो इतकी वर्षं माझे बघत आला.

बोयाच्या पलीकडे गेलो. मी माझं वल्हं पाण्यात उभं घातलं, पूर्ण, मनगटापर्यंत. तळ लागला नाही. दादा ते बघत होता.

"बोल," मी म्हटलं.

"काय बोलू? तुला कळलंय. कशावरून?"

"बुटांवरून."

तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "बूट धुवायची रीत पण मीच पाडली," तो म्हणाला.

मी विचारलं, "पोस्टमनला का नाही घेऊ दिलीस परीक्षा?"

"त्याने जागा बदलू दिली नसती."

"आणि मी दिली."

"तुला शिट्टी दिली की तू खाली बघणार नाहीस हे मला माहीत होतं." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "तू लहानपणापासून तशीच आहेस. शाबासकी दिली की तुला पुढचं काही दिसत नाही."

हे मला असं लागलं की होडीतच उभं राहून भांडावंसं वाटलं, आणि कयाकीत उभं राहता येत नाही म्हणूनच बसून राहिले. मला परीक्षक केलं ते माझी नजर तेज म्हणून नव्हे, मंद म्हणून. ऑफिसात तीन जणांना सांगितलं होतं मी. डोळ्यांत पाणी आलं, ते मी समुद्राचं आहे असं भासवलं. आणि डॉक्टरांचं काय, असं मी त्याला विचारलं. तो माणूस तुझ्यावर विश्वास ठेवून येतोय, त्याला वाटतंय त्याला येतं, त्याला काहीही येत नाही.

ते दादाच्या डोक्यातच आलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. स्वतःसाठी उथळ पाणी शोधताना त्याने दुसऱ्यालाही त्याच पाण्यात पास करून टाकलं होतं. आयुष्यभर पोरांना करवत चालवायला शिकवली आणि एकाचंही बोट जाऊ दिलं नाही, तो हा माणूस.

"करून बघतोस?" मी म्हटलं. "एकदा बघ. जमलं तर मी काही बोलणार नाही."

तो उलटला. पाण्याखालून व्यवस्थित बाहेर आला, होडी सरळ केली, पिशवी लावली, फुगवली, वल्हं आडवं टाकलं. सगळं इतकं नेटकं की कोणी शिकायला यावं. मग त्याने पाय मारले आणि अंग वर ओढलं, आणि अर्ध्यावर उजवा हात नुसता सुटला. तो परत पाण्यात. दुसऱ्यांदा छाती वर आली, पण हात वळला नाही, होडी त्याच्याकडे कलली आणि त्याच्यासकट पालथी झाली. तिसऱ्यांदा तो फक्त होडीला धरून राहिला. हनुवटी पाण्याला टेकलेली, तोंडाने श्वास. मी जवळ गेले नाही. जायला हात शिवशिवत होते, पण त्याने म्हणेपर्यंत जायचं नाही हा नियम.

"पुरे," तो म्हणाला.

मी माझी होडी त्याच्या होडीला लावली, तिच्यावर ओणवी झाले, घट्ट धरली, आणि त्याच्या लाइफ जॅकेटच्या पट्ट्याला धरून त्याला वर ओढलं. तो जड होता. आत बसला तेव्हा त्याचे ओठ निळसर झाले होते. मी पंपाने त्याच्या होडीतलं पाणी काढत राहिले, कारण हाताला काम हवं होतं.

"ऑपरेशननंतर एकदाही जमलं नाही," तो म्हणाला. "एप्रिलपासून बघतोय. एकटाच यायचो, ओहोटीला, त्या उंचवट्यावर. एकटं खोल पाण्यात यायची हिंमत नव्हती. मग वाटलं, तिथे जमतंय ना, म्हणजे जमेलच."

'नापास' हा शब्द मी रोज वापरते, आणि तो तोंडातून निघेना. सातव्या मजल्यावरच्या आजींना मी तोंडावर सांगते. भावासमोर मी नुसता पंप दाबत राहिले.

त्यानेच सोडवलं. "नापास म्हण. मी केलेला नियम आहे, माझ्यासाठी वाकवलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

"नापास," मी म्हटलं.

"हां."

आम्ही तसेच बसून राहिलो, दोन्ही होड्या एकमेकींना धरून. मला वाटत होतं आता तो परत चल म्हणेल. मोहीम रद्द, सामान वर, आणि पुढच्या वर्षी कोणीच विषय काढणार नाही. मनातून मला तेच बरं वाटलं असतं.

"आता तू," तो म्हणाला.

"मी काय?"

"तुझी परीक्षा कोणी घेतली?"

मी म्हटलं, दरवर्षी देतेच की. तो म्हणाला, दरवर्षी मीही द्यायचो. त्याने माझ्या होडीवरचा हात काढला आणि वल्ह्याने स्वतःला मागे ढकललं, चांगलं लांब. त्याचा आवाज बदलला होता. गॅरेजमधला, पोरांना उभं करणारा आवाज. "उलट."

मी उलटले. रागातच उलटले, म्हणून बाहेर यायला घाई केली, आणि घाईत पिशवीचा पट्टा नीट ओढला नाही. वर चढताना पिशवी पात्यावरून सटकली आणि मी तोंडावर पडले. नाकात पाणी गेलं. खोकत वर आले तेव्हा दादा दोन वल्ह्यांच्या अंतरावर होता. त्याचा हात होडीच्या कडेवरून पुढे आला होता. मग त्याने तो हात परत वल्ह्यावर ठेवला. मी ते बघितलं आणि त्याने मला बघताना बघितलं.

"पुन्हा," तो म्हणाला.

दुसऱ्यांदा माझा पाय बसायच्या खोबणीच्या कडेला अडकला आणि होडी परत उलटली. पाणी थंड होतं. हात जड झाले. दादा एक अक्षर बोलत नव्हता. पट्टा ओढ, पोट खाली ठेव, मान वर करू नकोस, हे सगळं त्याच्या जिभेवर असणार, मला माहीत आहे, कारण त्याच्या जबड्याची शीर हलत होती. पण परीक्षकाने बोलायचं नसतं. होडीला लटकून मी विचार केला की मीही नापास झाले तर प्रश्नच मिटला. कोणीच जाणार नाही. दादा एकटा मागे राहणार नाही. फक्त हात सोडून पुरे म्हणायचं. किती सोपं होतं ते.

दादाकडे बघितलं. त्याला माझ्या मनातलं कळलं होतं, आणि तो इतक्या रागाने माझ्याकडे बघत होता की तसा राग मी त्याचा कधी बघितला नव्हता. बेटावर जाता येणार नाही म्हणून तो असा बघत नव्हता. मी हात सोडीन या भीतीने तो बघत होता.

मी पट्टा दातात धरून ओढला. पोट होडीला चिकटवून ठेवलं. पाय एक, मग दुसरा. वळले आणि बसले. होडी डळमळली आणि थांबली.

"पाणी काढ," तो म्हणाला. मी काढलं. "घेर लाव." लावला. मग त्याने होडी वळवली आणि बराच वेळ बेटाकडे बघत राहिला. त्या दिवशी हवा स्वच्छ होती, दीपगृहाचा पांढरा खांब नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. मी त्याला हवा तेवढा वेळ दिला.

"उद्या संध्याकाळी त्या दोघांना इथे आण," तो बेटाकडे बघतच म्हणाला. "काय झालं ते डॉक्टरला मी सांगेन, तू नाही. त्याला जमेपर्यंत रोज आण. शनिवारपर्यंत त्याला नाही जमलं तर तू आणि पोस्टमन दोघंच जा. नकाशा तुला माहीत आहे. अर्ध्यावर पोचलात आणि पांढऱ्या लाटा दिसायला लागल्या तर मागे फिरायचं. पोस्टमन कुरकुरेल, ऐकायचं नाही."

"फोन लागेल तिथून," मी म्हटलं. "लाटांचं काही वाटलं तर तुला विचारेन."

"मला विचारायचं नाही," दादा म्हणाला. "मी 'जा' म्हणेन."

मी त्याच्याकडे बघितलं. तो मान हलवून पुन्हा तेच म्हणाला, हळू आवाजात, की कितीही लाटा असल्या तरी मी जा म्हणेन गं.

"नाही विचारणार," मी म्हटलं, आणि आम्ही धक्क्याकडे वळलो. या खेपेला मी पुढे होते.